कुणाच्या बंदुका

आर्डिस स्कोगेन मेंढ्यांच्या गोठ्यातून बाहेर आली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत रक्ताने आणि चिकाने माखलेले होते. समोर, रस्त्याकडेच्या कुंपणावर तिचा मुलगा ऑर्लन हातोड्याने एक पाटी ठोकत होता.

मे महिना अर्धा सरला होता, तरी पहाटे पुन्हा बर्फ पडला होता. बिटर क्रीकच्या खोऱ्यात ऐन वेताच्या दिवसांत असा बर्फ पडला की कोकरं ओली जन्मतात आणि ओलीच मरतात. सकाळपासून गोठ्याच्या दाराशी मेलेल्या कोकरांची रास साचत होती. तिच्यावर झाकायला आर्डिसने रिकामं पोतं टाकलं होतं, ते वाऱ्याने सारखं उडत होतं.

बर्फाच्या मुठीने हात चोळत ती कुंपणापाशी गेली. पाटी लालभडक होती. वर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘तुमची बंदूक, तुमचा शेरीफ. पोल्क.’

"काढ ते," आर्डिस म्हणाली.

"का?"

"माझ्या कुंपणावर नको."

"खांब मी पुरलेत, तार मी ओढलीये." ऑर्लनने दातांत धरलेला खिळा काढला. "तुला शेरीफ म्हणून किट्रेजला मत द्यायचंय ना? दे की. मी अडवलंय? पण माझ्या अंगणात शिरून माझ्या बंदुका घेऊन जातो तो माणूस. कोर्टाचा कागद नाही, पावती नाही. चोर आणखी वेगळं काय करतो गं?"

"चोर परत आणून देतो का? तेल लावून, पुसून?"

"त्याचे उपकार मानू आता?"

"कुणाच्या बंदुका होत्या ते सांगितलंस का तुझ्या त्या पोल्कला?"

ऑर्लनचा चेहरा मानेपासून वर तांबडा होत गेला. पंचेचाळिशीचा, बैलासारख्या खांद्यांचा माणूस, पण लाज वाटली की अजून लहानपणासारखाच लाल व्हायचा. "मी कुणाला काही सांगितलेलं नाही," तो म्हणाला. "आणि तूही सांगायचं नाही." त्याने खिळ्यावर असा घाव घातला की पाटीचा कोपरा तडकला.

आर्डिस मागे वळली. राग तिला फेब्रुवारीपासून नुसता गिळावा लागत होता.

फेब्रुवारीतली ती दुपार. ऑर्लनची बायको आदल्या हिवाळ्यात सोडून गेलेली. त्यानंतर तो जेवायचा कमी आणि बोलायचा त्याहून कमी. त्या दुपारी आर्डिस गोठ्यात गेली तर तो गवताच्या गाठोड्यावर बसला होता. बापाची रायफल मांडीवर आडवी, आणि हातमोजे काढून शेजारी नीट एकावर एक ठेवलेले. ते नीट ठेवलेले हातमोजे बघून ती दारातच थांबली. ऑर्लनने जन्मात कधी हातमोजे नीट ठेवले नव्हते. ती घरात आली आणि डेप्युटी एमेट किट्रेजला फोन केला. तो शेरीफचा मदतनीस, पण फोन तिने त्याला शेजारी म्हणून केला होता. एमेटचा बाप आणि तिचा नवरा आयनार एकाच तळ्यावर बदकं मारत मोठे झालेले.

एमेट साध्या कपड्यांत आला, स्वतःच्या पिकअपमधून. गोठ्यात जाऊन ऑर्लनच्या शेजारी गवतावर बसला आणि बराच वेळ घोड्यांबद्दल, गवताच्या भावाबद्दल बोलत राहिला. मग म्हणाला, "ऑर्लन, या बंदुका मी हिरवळ येईपर्यंत सांभाळतो." घरातल्या सगळ्या बंदुका त्याने घोड्याच्या घोंगडीत गुंडाळून नेल्या. कागद केला नाही. "कागद केला की कचेरीत नाव लागतं, आर्डिसबाई," दारात तो हळूच म्हणाला होता, "आणि लागलेलं नाव निघत नाही." एप्रिलमध्ये ऑर्लनला भूक लागायला लागली तेव्हा त्याने बंदुका परत आणून दिल्या.

आईने फोन केला होता हे ऑर्लनला ठाऊक नव्हतं. एमेट सहज वाटेने जाता जाता आला, असंच तो समजत होता. आणि पेट्रोल पंपावर कुणीतरी ती घोंगडी आणि तिच्यातून डोकावणारे दस्ते पाहिले होते. म्हातारा शेरीफ, जिल्ह्याच्या पोलिसांचा निवडून आलेला प्रमुख, निवृत्त होतो म्हटल्यावर एमेट त्या जागेसाठी उभा राहिला, आणि पंपावरची ती गोष्ट रँडल पोल्कच्या तोंडी गेली. पोल्क ट्रॅक्टर विकायचा. दोन महिने तो खोरंभर सांगत फिरत होता की हा डेप्युटी लोकांच्या बंदुका उचलतो.

गोठ्यात एक मेंढी आपलं मेलेलं कोकरू हुंगत उभी होती. ते पायाने उकरायची, मान वर करून ओरडायची. पलीकडच्या कप्प्यात एक पोरकं कोकरू थरथरत होतं. त्याची आई सकाळीच गेली होती. आर्डिसने खिशातला चाकू काढला, मेलेल्या कोकराच्या पायांभोवती चिरा दिल्या आणि सदरा काढावा तसं त्याचं कातडं अलगद सोलून घेतलं. ते तिने पोरक्या कोकराच्या अंगावर चढवलं, पाय भोकांतून ओढून काढले. कोकरू त्या ओल्या, गरम कातड्यात वेंधळ्यासारखं उभं राहिलं. मेंढीने त्याला हुंगलं, पुन्हा शेपटीकडून हुंगलं आणि घशात हलकेच घुरघुरली. कोकराने आचळ पकडलं.

"घेतलं का?" ऑर्लनने दारातून विचारलं.

"घेतलं."

"बाबांसारखा हात आहे तुझा." तो घुटमळला. "उद्या क्लबाच्या जेवणाला जायचंय. मी गाडी काढतो. येशील ना?"

"यायलाच हवं. किल्ली माझ्याकडे आहे."

बिटर क्रीकच्या नेमबाजांच्या क्लबातल्या कपाटाची किल्ली आर्डिसच्या गळ्यात दोरीला असायची. आयनार गेल्यापासून ती तिच्याकडेच होती. जूनच्या निवडणुकीआधी क्लबाचं जेवण ठरलेलं, आणि जो उमेदवार जेवायला येईल त्याने आधी मैदानावर क्लबाची जुनी रायफल चालवायची, ही प्रथा आयनारनेच पाडली होती. जेवणानंतर क्लबाचा पाठिंबा कुणाला ते हात वर करून ठरायचं. नेम लागला की चुकला याला तेव्हा कुणी विचारत नसे. बघायचं ते वेगळंच. रायफल हातात आल्यावर माणूस बोल्टाचा दांडा मागे ओढतो का, आत बोट घालून नळी रिकामी आहे ना ते तपासतो का, वळताना नळीचं तोंड कुणाच्या पोटावरून फिरवतो का. आयनार म्हणायचा, "हा भरलेली बंदूक कशी धरतो ते बघा. आपला कारभारही तसाच धरणार." एका वर्षी एक वकील आला होता. बंदुकीच्या हक्कावर असं बोलला की बायकांनी डोळे पुसले. मग भरलेल्या रायफलीसकट त्याने कुंपणावरून उडी मारली. त्याच्या नावाला एक हात वर झाला नाही, त्याच्या मेव्हण्याचासुद्धा नाही. परतीच्या वाटेवर आयनार आणि ती इतके हसले होते की गाडी रस्त्याकडेला लावावी लागली होती.

आणि घरात? ऑर्लन लहान असताना आयनार रायफलीचा बोल्ट काढून पिठाच्या डब्यात ठेवायचा. तो लोखंडी दांडा नसला की रायफल म्हणजे नुसती काठी. वर्षानुवर्षं भाकरीच्या पिठाला तेलाचा वास यायचा, आणि कुणाची तक्रार नसायची.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आभाळ उघडलं. क्लबाच्या मैदानात बर्फाचा चिखल झाला होता. गाड्या चाकांपर्यंत रुतत होत्या. आत बायकांनी सायीबरोबर शिजवलेल्या बटाट्यांची, घेवड्याची आणि हरणाच्या मांसाची पातेली मांडली होती. आर्डिसने कपाट उघडून जुनी रायफल काढली, बोल्ट मागे ओढला, बोट घालून बघितलं आणि बाहेर आली.

पहिला एमेट. उंच, किरकोळ, थोडा वाकलेला. त्याने टोपी काढली. "नमस्कार, आर्डिसबाई." रायफल घेतली, बोल्ट पाहिला, नळी जमिनीकडे. गोळी झाडली. निशाण्याच्या लोखंडी ताटलीच्या कडेला लागली. त्याने पुन्हा बोल्ट ओढून बोट घातलं आणि रायफल तिच्या हातात दिली.

"कडेला लागली रे!" मागून कुणीतरी ओरडलं. "लोकांच्या बंदुकांवर सराव कर जरा!"

हशा पिकला. एमेट टोपी घालून बाजूला झाला.

मग पोल्क. टोपीवर बंदुकीची नक्षी, पट्ट्याला पिस्तूल. "आण इकडे, आजीबाई," म्हणत त्याने रायफल तिच्या हातातून ओढूनच घेतली. बोल्ट बघितला नाही. काडतूस भरलं आणि लोकांकडे वळून बोलायला लागला. "बघा हं मंडळी, ही कुणी काढून घ्यायला आलं तर..." आणि नळी सगळ्या रांगेवरून फिरत गेली, हार्वी डंकरच्या पोटावरून, पुढे उभ्या पोरींच्या डोक्यांवरून.

"नळी खाली!" आर्डिस ओरडली.

"अहो, बोट चापावर नाहीये माझं!"

"नळी खाली म्हणते ना मी!"

पोल्कने हसत नळी वळवली आणि झाडली. ताटली मधोमध खणाणली. टाळ्यांचा कडकडाट झाला. आर्डिसने आजूबाजूला पाहिलं. पन्नास वर्षं जी माणसं स्वतःच्या पोरांना नळीवरून थोबाडीत मारत आली, तीच टाळ्या वाजवत होती. हार्वी डंकर, क्लबाचा अध्यक्ष, ज्याच्या पोटावरून आत्ता ती नळी गेली होती, तोसुद्धा.

"हार्वी, दिसलं नाही का तुला?"

"जाऊ दे ना, आर्डिस. नेम बघ त्याचा."

"आयनार असता तर हाकलला असता त्याला."

"आयनार नाहीये," हार्वी म्हणाला. "आणि दिवसही ते नाहीत. आता आपल्या बाजूचा कोण, तेवढंच बघायचं."

जेवणं झाली. हार्वीने चमचा पेल्यावर वाजवला. दोघा उमेदवारांना पुढे बसवलं होतं. पोल्क आधी उठला. त्याचं बोलणं ट्रॅक्टर विकल्यासारखंच होतं, हातवारे करत, प्रत्येकाच्या डोळ्यांत बघत.

"माझं एकच म्हणणं आहे. मी शेरीफ झालो तर या जिल्ह्यात कुणाच्या बंदुकीला हात लागणार नाही. वरून हुकूम येवो, कोर्टाचा येवो. मी हात लावणार नाही! आणि या गृहस्थाने काय केलं? एका भल्या माणसाच्या घरातून बंदुका नेल्या. कागदाशिवाय! त्याला विचारा, कुणाच्या होत्या?"

"बरोबर!" मागून आवाज आला. टेबलं बडवली गेली.

"एमेट," हार्वी म्हणाला, "कुणाच्या बंदुका?"

एमेट उठला. टोपी हातात फिरवत राहिला. "सांगणार नाही."

"नेल्या होत्यास की नाही?"

"नेल्या होत्या. कुणीतरी मागितलं म्हणून. परत दिल्या."

"कागद?"

"नव्हता."

"मग नाव सांग की! बोलू दे त्याला!"

"हार्वी, मला शेरीफ करू नका हवं तर," एमेट म्हणाला. "पण नाव मी सांगणार नाही."

"तो माणूस बोलणारच नाही!" पोल्क ओरडला. "कारण त्याला भीती वाटते! वर्दीवाल्याची भीती!"

आर्डिसने शेजारी बघितलं. ऑर्लन ताटाकडे बघत बसला होता. काटा हातात घट्ट. लाली कानापर्यंत आली होती. तिला वाटलं, आत्ता उठेल. उठू नये असंही वाटलं. त्याने उठून सांगितलं तर या खोऱ्यात जन्मभर कुणी त्याच्याशी सरळ बोलणार नाही. मेंढ्या विकायला गेला की माणसं आवाज हळू करतील. मग पुन्हा तो गोठा, ते गवताचं गाठोडं, ते नीट ठेवलेले हातमोजे. आणि त्या वेळी फोन कुणाला करायचा? या हसऱ्या पोल्कला? "कुणाच्या बंदुकीला हात लावणार नाही" म्हणणाऱ्याला?

ती उठली. खुर्ची मागे पडली.

"पोल्क, मी एक विचारते."

"विचारा ना, मॅडम."

"एखाद्या आईने तुला फोन केला. म्हणाली, माझा माणूस गोठ्यात बंदूक मांडीवर घेऊन बसलाय, लवकर ये. तू काय करशील?"

पोल्क हसला. "मॅडम, प्रार्थना करीन मी त्याच्यासाठी. पण त्याची मालमत्ता ती त्याची मालमत्ता."

आणि टाळ्या वाजल्या. सगळ्यांनी नाही वाजवल्या, पण वाजल्या.

"टाळ्या वाजवता?" ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. "कशाला वाजवता रे? प्रार्थना करेल म्हणून? तुमच्यात अशी कितीतरी घरं आहेत. मला ठाऊक आहेत. तुमच्या बायकांना ठाऊक आहेत. मेल्यावर म्हणता, बंदूक साफ करताना उडाली! साफ करताना! या खोऱ्यात माणसं बंदुका इतक्या साफ करतात तर क्लबाच्या कपाटातली ती दुनाळी गंजलेली कशी?"

पुढच्या टेबलावर कुणीतरी चमचा खाली ठेवला.

"त्या बंदुका माझ्या होत्या," ती म्हणाली. "आयनारच्या म्हणजे माझ्याच. गोठ्यात मी बसले होते. फोन मीच केला. एमेट आला. गवतावर बसला माझ्याशेजारी. नाव लागू नये म्हणून कागद केला नाही त्याने. झालं समाधान? मिळालं नाव?"

कुणीच वर बघेना. लोइस ब्रँट, चाळीस वर्षांची मैत्रीण, रुमालाच्या घड्या घालत राहिली. एमेटने एकदा ऑर्लनकडे पाहिलं, मग आर्डिसकडे, आणि डोळे खाली केले. ऑर्लनचा काटा ताटात पडला.

पोल्कने टोपी छातीशी धरली. "मॅडम, वाईट वाटलं ऐकून. देव तुमचं भलं करो. पण नियम तो नियम."

हार्वी खाकरला. उठून तिच्यापाशी आला, आणि आजाऱ्याशी बोलावं तशा आवाजात म्हणाला, "आर्डिस, राग मानू नकोस. पण असं असेल तर... कपाटाची किल्ली माझ्याकडे असलेली बरी. तुझ्याच भल्यासाठी."

"माझ्या हातून किल्ली काढून घेणार? तू?" ती म्हणाली. "आणि पोल्क म्हणतो कुणाच्या बंदुकीला हात लावू नका. मग हे काय चाललंय, हार्वी?"

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

हार्वीने हात पुढे केला होता, तो मागे घेतला नाही. आर्डिसने दोरी डोक्यावरून काढली. ती केसांत अडकली, ओढावी लागली, एक पांढरी बट तुटून दोरीबरोबर गेली. किल्ली तिने हातात दिली नाही. घेवड्याच्या पातेल्यात टाकली. मग दाराकडे निघाली.

मागे पोल्कसाठी हात वर झाले असणार. तिने वळून बघितलं नाही.

परतताना अजून उजेड होता. ऑर्लन गाडी चालवत होता. मागच्या काचेवरच्या बंदूक अडकवायच्या घोडीत आयनारची रायफल खडखडत होती.

"तूच फोन केला होतास," ऑर्लन म्हणाला.

"हो."

"मला वाटायचं तो..."

"मीच केला होता. पुन्हा करीन."

"सगळ्यांसमोर वेडी ठरलीस तू."

"ठरले तर ठरले. मी त्या टाळ्यांवर थुंकते!" तिने खिडकीची काच खाली केली. "तू का नाही उठलास असं मी विचारणार नाही. पण माझ्या कुंपणावरची ती पाटी मला उद्या दिसायला नको."

वळणावर ऑर्लनने बाहीने नाक पुसलं.

पोल्क जूनमध्ये निवडून आला. लोइसने येऊन सांगितलं, क्लबात राहिलेली बटाट्यांची भांडी परत द्यायला आली होती, बसली नाही. एमेटला पोल्कने पहिल्याच आठवड्यात नोकरीवरून काढलं. तो पलीकडच्या जिल्ह्यात खाणीवर राखणीला गेला. ते कळलं त्या संध्याकाळी आर्डिसने जेवताना बशी आपटली, ती फुटली. दोन घास गिळून ती गोठ्यात गेली.

गोठ्यात उशिरा व्यालेल्या शेवटच्या मेंढीचा कप्पा वाऱ्याकडून उघडा होता, तिथे ऑर्लनने फळी बसवली होती. लाल फळी. अक्षरं उलटी होती आणि त्यांच्यावर शेण उडालेलं होतं. मे महिन्यात कातडं चढवलेलं ते पोरकं कोकरू, ज्याच्या अंगावरचं ते कातडं केव्हाच काढून टाकलं होतं, ‘पोल्क’वर पाठ घासत उभं होतं.

तिने वर पाहिलं. ऑर्लन दारात होता. हातात बापाची रायफल. तिचा हात आपोआप चाकूच्या खिशाकडे गेला. त्या चाकूने काय करणार होती, तिलाच ठाऊक नव्हतं. मग तिच्या लक्षात आलं, रायफलीला बोल्ट नव्हता. तो त्याच्या दुसऱ्या मुठीत होता. तेलाने चकाकत होता.

"बाकीच्या बंदुकांचेही काढलेत," तो म्हणाला. चेहरा मानेपासून लाल होत होता. "पिठाच्या डब्यात नको ठेवूस. भाकरीला वास येतो."

त्याने तो तिच्या एप्रनच्या खिशात सोडला. खिसा जड होऊन खाली ओढला गेला.

"आणि कोल्हे आले तर?" तिने विचारलं.

"मागीन. तू माझ्या तोंडाकडे बघ, आणि मग दे."

"नाही दिला तर?"

"तर नको देऊस."

मेंढी ओरडली. तिची वार अजून पडायची होती. ऑर्लनने रायफल भिंतीला टेकवली, बाह्या वर केल्या आणि तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसला. हातमोजे त्याने काढून कुठेतरी भिरकावले. एक शेणात पडला, दुसरा आर्डिसला दिसलाच नाही. तिने शोधला नाही.